परदेशातल्या ग्राहकाला थेट वाइन विकायची आहे? छोट्या वाइनरीसाठी क्रमवार मार्गदर्शक

परदेशात थेट विक्री म्हणजे तळघरातून बाटली काढायची, खोक्यात घालायची आणि कुरियरने ग्राहकाच्या दारात पोचवायची, असा नवख्यांचा समज असतो. एखाद-दुसरी पेटी अशी पोचतेही. त्यावर धंदा मात्र उभा राहत नाही. वाइनवर जवळजवळ सगळीकडे तीन गोष्टी लागू होतात: सीमाशुल्क, मद्यावरचं अबकारी शुल्क आणि विक्रीचा परवाना. तिन्ही ठिकाणी सरकारला आपल्या हद्दीतला जबाबदार माणूस हवा असतो. तो ग्राहक किंवा समुद्रापलीकडची वाइनरी सहसा असू शकत नाही.

म्हणून टिकणारी रचना अशी असते: माल एकगठ्ठा त्या देशात उतरतो, आयातीचे सोपस्कार एकदाच होतात, पेट्या तिथल्या गोदामात राहतात आणि मागणी आली की तिथूनच सुटतात. किंमत वाइनरी ठरवते, ग्राहकाची यादी वाइनरीकडे राहते, तक्रारीला उत्तरही वाइनरीच देते. यातलं ‘थेट’ काय असेल तर ते हे नातं. पुढचं सगळं मार्गदर्शन याच रचनेला धरून आहे.

१. सुटं पार्सल का अडतं ते आधी समजून घ्या

युरोपीय संघात कमी किमतीच्या आयात पार्सलांसाठी व्हॅट भरण्याची सोपी एक-खिडकी योजना आहे. अबकारी शुल्काचा माल त्यातून वगळलेला आहे. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलांना असलेली सोपी पद्धतही अशा मालाला लागू नाही. अमेरिकेची सरकारी टपालसेवा मद्य स्वीकारतच नाही आणि खाजगी कुरियर कंपन्या परवानाधारक पाठवणाऱ्याशी करार असेल तरच घेतात. वाइन विमानातून नेण्यात धोका नाही (२४ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेलं पेय हवाई नियमांत धोकादायक माल ठरत नाही), पण कस्टमच्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य.

मग कोणीतरी सुचवतं, ‘भेटवस्तू’ लिहा. लिहू नका. भेटीची सवलत एका खाजगी व्यक्तीने दुसऱ्या खाजगी व्यक्तीला विनामोबदला पाठवलेल्या वस्तूसाठी असते. पैसे घेतलेल्या मालावर हा शब्द लिहिणं म्हणजे खोटं घोषणापत्र. माल जप्त होतो तो होतोच, शिवाय वाइनरीचं नाव कस्टमच्या नोंदीत लागतं आणि पुढची कायदेशीर खेपही तपासणीत रखडते. ‘विक्रीसाठी नाही, नमुना’ असा शिक्का मारल्यानेही शुल्क आपोआप माफ होत नाही.

२. एकच बाजार निवडा

सुरुवातीला दोन देश धरले की लेबलं दोन, करनोंदणी दोन, गोदामं दोन आणि पेट्या तेवढ्याच. एक देश घ्या; तो निवडताना तिथे वाइन किती प्यायली जाते यापेक्षा तिथला कायदा थेट विक्रीला किती वाव देतो ते आधी पाहा.

हाँगकाँगने २००८ साली वाइनवरचं शुल्क शून्यावर आणलं. ३० टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयाला तिथे अबकारी शुल्क लागत नाही. अन्न आयातदार म्हणून नोंदणी मात्र लागते. बाजार लहान आणि स्पर्धा प्रचंड, पण कागदपत्रांचा सराव करायला याहून सोपी जागा नाही.

ब्रिटनमध्ये शुल्क जबर आहे, तरी ऑनलाइन वाइन घेण्याची सवय मुरलेली आहे आणि नियम स्पष्ट आहेत. जर्मनीत साध्या, न फसफसणाऱ्या वाइनवर अबकारी शुल्क शून्य. फेसाळ वाइनवर मात्र ७५० मिलिलिटरच्या बाटलीमागे १.०२ युरो. तिथे नवखे अडतात ते पॅकिंगच्या कायद्यावर: ग्राहकाच्या घरात पोचणाऱ्या पहिल्या खोक्यापासून पॅकिंगची ‘लुसिड’ या नोंदवहीत नोंद आणि पुनर्वापर यंत्रणेचं शुल्क लागतं. त्यात ‘छोटे आहोत’ म्हणून सूट नाही.

जपानमध्ये घरपोच विक्रीसाठी टपालविक्रीचा स्वतंत्र मद्यपरवाना असतो आणि आयात वाइन त्यावर विकता येते. परवाना तिथल्या व्यवसायाच्या नावावरच मिळतो, त्यामुळे तिथे भागीदार शोधणं आलंच.

अमेरिका सगळ्यांना खुणावते आणि सगळ्यांत जास्त दमवते. १९३३ साली मद्यबंदी उठल्यावर उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ विक्रेता असे तीन थर पाडले गेले आणि प्रत्येक राज्याला स्वतःचा कायदा मिळाला. २००५ च्या ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशातल्या वाइनरींना इतर राज्यांत थेट पाठवण्याची दारं बरीच उघडली. परदेशी वाइनरीला ती उघडलेली नाहीत. तिला संघीय परवानाधारक आयातदार हवाच, आणि घरपोच विक्री करायची तर बाहेरच्या राज्यातल्या दुकानाला परवानगी देणाऱ्या मोजक्या राज्यांपुरती. शिवाय बऱ्याच राज्यांत उत्पादक किंवा आयातदाराने किरकोळ दुकानात हिस्सा ठेवण्यावर बंधनं आहेत, म्हणजे ‘आपणच दुकान काढू’ हा उपायही वकिलाला विचारूनच करायचा. पहिला बाजार म्हणून अमेरिका घेऊ नये.

कॅनडाचे बहुतेक प्रांत, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड इथे किरकोळ विक्री पूर्णपणे किंवा मुख्यतः सरकारी मक्तेदारीतून चालते. त्यांच्या निविदांचा मार्ग वेगळा. तो या लेखाचा विषय नाही.

३. आयातदार कोण, हे लेखी ठरवा

तीन पर्याय. पहिला: तिथे स्वतःची कंपनी काढणं. ताबा पूर्ण राहतो, पण हिशेबनीस, पत्ता, बँक खातं आणि वार्षिक विवरणपत्रं मागे लागतात. दुसरा: वाइनरी परदेशी करदाता म्हणून नोंदणी करते आणि तिथला शुल्क-प्रतिनिधी नेमते. ब्रिटनमध्ये शुल्क न भरलेला माल बाँडेड गोदामात (असा माल ठेवायची सरकारी परवानगी असलेल्या गोदामात) स्वतःच्या मालकीने ठेवायचा असेल तर परदेशी मालकाला असा प्रतिनिधी नेमावा लागतो. तिथे परदेशी विक्रेत्याला व्हॅट नोंदणीसाठी उलाढालीची किमान मर्यादाही नाही; पहिल्या विक्रीपासून नोंदणी. तिसरा: परवानाधारक आयातदाराला ठरलेली फी देऊन त्याच्या नावाने माल उतरवणं. तो विक्री करत नाही, फक्त आयात, साठवण आणि रवानगी करतो.

नवख्यासाठी तिसरा पर्याय बरा. करारात मात्र या गोष्टी सुट्या सुट्या लिहून घ्या: मालकी कोणत्या क्षणी कोणाकडे जाते, फी पेटीमागे की महिन्याला, शुल्क कोण आगाऊ भरतो आणि किती दिवसांत परत घेतो, ग्राहकांची माहिती कोणाची, फुटलेल्या आणि हरवलेल्या बाटल्यांचा भार कोणावर, आणि करार तुटला तर उरलेला माल किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने हलतो. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. लेबलवर आयातदाराचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे आयातदार बदलला की उरलेल्या प्रत्येक बाटलीवर नवं लेबल चिकटवावं लागतं.

विक्रीचा परवाना ही याहून वेगळी बाब आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार, विशिष्ट ग्राहकासाठी माल जिथे बाजूला काढला जातो तिथे विक्री झाली असं धरतात. म्हणजे संकेतस्थळ कुठूनही चालो, परवाना हवा तो गोदामाच्या जागेला. गोदाम निवडताना हा पहिला प्रश्न विचारा. घाऊक साठवणुकीची अनेक गोदामं या परवान्याविना चालतात.

४. बाटलीचा हिशेब मागून पुढे मांडा

ग्राहक देईल ती किंमत आधी लिहा आणि एकेक वजा करत तळघरापर्यंत या. ब्रिटनचं उदाहरण घेऊ. तिथे फेब्रुवारी २०२५ पासून शुल्क प्रत्यक्ष मद्यार्कावर मोजतात. त्या महिन्यात ८.५ ते २२ टक्क्यांच्या वाइनसाठी दर शुद्ध मद्यार्काच्या लिटरला २९.५४ पौंड झाला. दर वेळोवेळी बदलतो, तेव्हा मांडणी लक्षात ठेवा आणि चालू आकडा घाला.

१३ टक्क्यांच्या ०.७५ लिटर बाटलीत शुद्ध मद्यार्क ०.०९७५ लिटर. गुणिले २९.५४, म्हणजे २.८८ पौंड. ११ टक्क्यांच्या वाइनवर हेच २.४४ आणि १४.५ टक्क्यांवर ३.२१ होतं. द्राक्ष उशिरा तोडलं की साखर आणि त्यामुळे मद्यार्क वाढतो; त्या उशिराची किंमत तिथे अशी मोजली जाते.

आता समजा ग्राहक बाटलीला १८ पौंड देतो. २० टक्के व्हॅट त्यातच आहे, तो ३ पौंड, उरले १५. शुल्क वजा जाता १२.१२. पुढचे आकडे निव्वळ मांडणीसाठी धरलेले आहेत: सागरी भाडं आणि कस्टम दलाल १.२०, साठवण आणि उचल-ठेव १.००, सहा बाटल्यांच्या पेटीचं कुरियर बाटलीमागे १.५०, खोका ०.५०, कार्ड कंपनीचा हिस्सा ०.४५, फूट आणि परतावा ०.३०, ग्राहक मिळवण्याचा खर्च २.००. बेरीज ६.९५. हाती ५.१७, त्यातून द्राक्षं, काच, बूच, मजुरी, सगळं.

तीच बाटली आयातदार आणि दुकानामार्फत गेली तर? दुकानाचा ३० टक्के वाटा गेल्यावर १५ चे १०.५० होतात, आयातदाराच्या ३० टक्क्यांनंतर ७.३५, शुल्क आणि भाडं वजा जाता ३.२७. थेट विक्रीत बाटलीमागे दोन पौंडही जास्त सुटत नाहीत, आणि कामं दसपट. म्हणून थेट विक्री परवडते ती महागड्या, मोजक्या बाटल्यांना आणि पुन्हा पुन्हा घेणाऱ्या ग्राहकाला. दर वर्षी एक पेटी नेमाने घेणारा माणूस मिळाला की ‘ग्राहक मिळवण्याचा खर्च’ हा रकाना आटतो आणि खरा नफा तिथून सुरू होतो. स्वस्त वाइन या रस्त्याने पाठवू नका. शुल्क आणि कुरियर बाटलीची किंमत बघत नाहीत.

याच मांडणीतून दुसरा नियम निघतो: एका बाटलीची मागणी स्वीकारू नये. एका बाटलीचं कुरियर सहा बाटल्यांच्या कुरियरच्या सहावा हिस्सा नसतं, बहुधा निम्म्याहून जास्त असतं. किमान सहा ठेवा.

सीमाशुल्क यात धरलेलं नाही, कारण ते मूळ देश आणि व्यापार करारावर ठरतं. सवलतीचा दर हवा असेल तर मूळ देशाचा पुरावा करारात सांगितलेल्याच स्वरूपात लागतो. सीमाशुल्काच्या यादीत वाइनचं वर्गीकरण २२०४ या शीर्षकाखाली होतं: फेसाळ २२०४.१०, दोन लिटरपर्यंतच्या भांड्यातली साधी वाइन २२०४.२१.

५. वाइन प्रवास सोसेल का?

घरच्या तळघरात दोन वर्षं निर्मळ राहिलेली वाइन कंटेनरमध्ये बिघडू शकते. डेकवर उन्हात उभ्या असलेल्या साध्या कंटेनरमध्ये ५० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. वाइन तापली की फुगते. ७५० मिलिलिटर वाइन २० अंशांनी तापली तर साधारण ४.५ मिलिलिटरने वाढते, १८.५ मिलिमीटर व्यासाच्या मानेत ती जवळपास १७ मिलिमीटर वर चढते. बाटलीच्या तोंडापासून ६३ मिलिमीटरवर भरलं आणि ४५ मिलिमीटरचं बूच ठोकलं तर मोकळी जागा उरते १८ मिलिमीटर. म्हणजे तेवढ्या उष्णतेत हवेला जागाच राहत नाही. दाब बुचाला वर ढकलतो, कडेने थेंब झिरपतात, थंड झाल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते. ग्राहकाला दिसतं ते वर आलेलं बूच आणि चिकट कॅप्सूल (बुचावरचं आवरण). भरण्याची पातळी वाइनच्या २० अंश तापमानाला तपासा. थंड वाइन भरून पातळी बरोबर दिसली तर ती चुकलेली असते.

बाटलीबंद करण्याआधी या चाचण्या कराच:

शीत स्थिरता. वाइन उणे ४ अंशांवर तीन दिवस ठेवा. तळाशी टार्टरचे (वाइनमधल्याच आम्लाचे) खडे बसले तर ते परदेशातल्या हिवाळ्यात बाटलीत बसणारच. खडे निरुपद्रवी असतात, पण ग्राहकाला ते काचेचे तुकडे वाटतात आणि त्याला दुरून समजावणं अवघड.

प्रथिन स्थिरता, पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाइनसाठी. गाळलेला नमुना ८० अंशांवर दोन तास ठेवून थंड करा. धुरकट झाला तर बेंटोनाइटची (प्रथिनं खाली बसवणाऱ्या मातीची) मात्रा वाढवा.

साखर आणि मॅलिक आम्ल. लिटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त साखर उरली असेल किंवा मॅलो-लॅक्टिक किण्वन (मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्लात रूपांतर) अर्धवट राहिलं असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळूनच भरा. नाहीतर उबेत बाटलीतच पुन्हा किण्वन सुरू होतं.

मुक्त सल्फर डायऑक्साइड, म्हणजे वाइन टिकवणारं द्रव्य. किती हवं ते पीएचवर (आम्लतेच्या मापावर) ठरतं. लिटरला ०.८ मिलिग्रॅम आण्विक सल्फर डायऑक्साइड (मुक्तातला प्रत्यक्ष काम करणारा भाग) ठेवायचं तर ३.२ पीएचला सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त पुरतं, ३.५ ला ४० लागतं आणि ३.७ ला ६० च्या वर. जास्त पीएचची वाइन लांब पाठवणं म्हणून जोखमीचं. उलट बाजूने कायद्याची कमाल मर्यादा असते: युरोपीय संघात कोरड्या (जवळजवळ साखर नसलेल्या) तांबड्या वाइनला एकूण १५० आणि कोरड्या पांढऱ्या व रोझेला २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, अमेरिकेत दशलक्ष भागांत ३५०. अमेरिकेच्या मर्यादेत बसलेली वाइन युरोपात नापास होऊ शकते.

युरोपीय संघात बाहेरची वाइन नेताना व्हीआय-१ नावाचं प्रमाणपत्र लागतं: मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं पृथक्करण आणि निर्यातदार देशाच्या अधिकृत संस्थेचा दाखला. दहा लिटरपर्यंतच्या, पुन्हा न वापरता येणाऱ्या बुचाच्या, लेबल लावलेल्या भांड्यांतून एकूण १०० लिटरपर्यंतचा माल यातून सुटतो. १०० लिटर म्हणजे १३३ बाटल्या. बाजाराची चव पाहायला तेवढ्या पुरतात. मोठी मागणी १३३-१३३ चे तुकडे पाडून पाठवण्याची युक्ती चालत नाही, कारण नियमात सुट्या खेपांची बेरीज धरतात. ब्रिटनने हे प्रमाणपत्र २०२२ च्या सुरुवातीपासून बंद केलं.

६. लेबल

सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो, कारण चूक कळते तेव्हा बाटल्या बंदरात असतात. पुढचं लेबल सगळीकडे एकच ठेवा आणि कायद्याचा मजकूर मागच्या लेबलवर न्या. देशागणिक फक्त मागचं छापायचं. छपाईआधी प्रत आयातदाराला दाखवा आणि त्याची संमती लेखी घ्या.

युरोपीय संघात ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला घटकांची यादी आणि पोषणमूल्य सक्तीचं झालं. ते क्यूआर कोडमागे ठेवता येतं, पण ऊर्जेचा आकडा आणि सल्फाइटसारखे अ‍ॅलर्जीकारक घटक छापील लेबलवरच लागतात. कोडशेजारी नुसतं ‘आय’ हे चिन्ह चालत नाही, ‘घटक’ या अर्थाचा शब्द त्या देशाच्या भाषेत हवा. हे उशिरा कळल्यामुळे अनेकांची छापून ठेवलेली लेबलं गोत्यात आली होती. कोड उघडल्यावर येणाऱ्या पानावर जाहिरात नको, विक्रीचा दुवा नको आणि वाचणाऱ्याची नोंद ठेवणारी यंत्रणाही नको. वाइनरीच्या मुख्य पानाचाच कोड छापला तर नियमभंग होतो.

अक्षरांची उंचीही बघा. युरोपीय संघात २० ते १०० सेंटिलिटरच्या बाटलीवर मद्यार्काचा आकडा किमान ३ मिलिमीटर हवा. अमेरिकेत पाच लिटरपर्यंतच्या भांड्यावर तो ३ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. दोन्हीकडे एकच लेबल चालवायचं असेल तर बरोबर ३. आकड्याची सूटही सारखी नाही: युरोपात साधारण अर्धा टक्का इकडेतिकडे, अमेरिकेत १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला दीड टक्का आणि वरच्या वाइनला एक.

अमेरिकेसाठी ७ टक्क्यांपासून पुढच्या प्रत्येक वाइनच्या लेबलला टीटीबी या संघीय कार्यालयाची मंजुरी लागते आणि अर्ज आयातदारच करतो. गर्भावस्था आणि वाहन चालवण्याबद्दलचा सरकारी इशारा शब्दशः छापायचा. त्यातला एक शब्द किंवा ठळकपणा बदलला तरी अर्ज परत येतो. त्याखेरीज अन्न-औषध प्रशासनात वाइनरीची नोंदणी आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना लागते.

‘सेंद्रिय’ हा शब्द घरच्या प्रमाणपत्रावर छापू नका. युरोपीय संघात त्यासाठी माल निघण्याआधीच ट्रेसेस या संघाच्या ऑनलाइन प्रणालीत तपासणी प्रमाणपत्र तयार व्हावं लागतं. नंतर काढता येत नाही. ‘शातो’, ‘क्लो’, ‘रिझर्वा’ यांसारखे भारदस्त शब्दही तिथे संरक्षित आहेत, आणि ‘शॅम्पेन’, ‘पोर्ट’, ‘शेरी’ तर विचारूच नका.

७. नाव आधी नोंदवा

ब्रँडचं नाव त्या देशात ३३ व्या वर्गात, म्हणजे बिअर सोडून इतर मद्यांच्या वर्गात, दुसऱ्या कोणाचं आहे का ते शोधा. माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली एकाच अर्जातून अनेक देश निवडता येतात. चीनसारख्या देशात आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मोठा असतो. प्रदर्शनात बाटली मांडली आणि नोंदणी नंतर केली तर मधल्या काळात कोणीतरी नाव आपल्या नावावर करून बसलेलं असतं.

८. पाठवणी

पहिली खेप एक पॅलेट, म्हणजे खोकी रचायची एक फळी. ८० बाय १२० सेंटिमीटरच्या पॅलेटवर सहा बाटल्यांची शंभरेक खोकी बसतात, म्हणजे ६०० बाटल्या. काच किती जड यावर वजन ८०० ते ९०० किलो. ९०० ग्रॅमची भारदस्त बाटली वापरली तर तेच पॅलेट हजार किलोंच्या पुढे जातं आणि पुढे कुरियरचं भाडंही वाढतं. परदेशी थेट विक्रीसाठी ४०० ते ४५० ग्रॅमची काच पुष्कळ झाली.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला. शिक्का नसला तर वाइन कितीही चांगली असो, पॅलेट बंदरात अडतं.

भागीदारीच्या कंटेनरमध्ये माल टाकताना आत आणखी काय आहे ते विचारा. मसाले, रसायनं, रबर यांचा वास बुचाला आणि खोक्यांना लागतो. उन्हाळ्यात थंड कंटेनर १२ ते १५ अंशांवर लावून घ्या किंवा निदान उष्णतारोधक आवरण घाला. हिवाळ्यात उलटी भीती असते, वाइन उणे ५-६ अंशांच्या आसपास गोठते. पॅलेटमध्ये दोन तापमान-नोंदक ठेवा, एक वरच्या थरात आणि एक मध्ये. विमा कंपनीशी बोलताना तेवढाच पुरावा हातात असतो. आणि विमा घेताना तापमानामुळे झालेलं नुकसान त्यात धरलंय का ते वाचा, बहुधा वेगळं मागावं लागतं.

व्यवहाराच्या अटी इन्कोटर्म्स २०२० (खर्च आणि जोखीम कोणाकडे हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय संज्ञा) नुसार लिहा. ‘डीडीपी’ (शुल्क भरून दारात पोच) ग्राहकाला गोड वाटतं, पण त्यात आयातशुल्क भरण्याची आणि सोपस्कार उरकण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. तिथे नोंदणी नसेल तर ते शब्द कागदावर येऊच देऊ नका. आयातदाराच्या नावाने माल जात असेल तर ‘एफसीए’ (माल वाहतूकदाराच्या हवाली केला की विक्रेत्याची जबाबदारी संपते) सरळ पडतं. बीजक, पॅकिंग यादी आणि पृथक्करण अहवाल यांत वाइनचं नाव, साल, मद्यार्क आणि लॉट क्रमांक अक्षरशः एकसारखे असू द्या. एकीकडे १३ आणि दुसरीकडे १३.५ एवढा फरक माल थांबवायला पुरतो.

९. गोदामापासून दारापर्यंत

बाँडेड गोदामाचा फायदा असा की शुल्क माल बाहेर पडताना लागतं, उतरताना नाही. पण प्रत्येक सुटकेला कागद आणि फी असते. म्हणून रोज एकेक पेटी न सोडवता, महिन्याला लागेल तेवढा माल एकदम सोडवून शेजारच्या शुल्क भरलेल्या विभागात ठेवा. गोदामाचं तापमान वर्षभर किती असतं ते आकड्यात विचारा. ‘थंड असतं’ हे उत्तर नव्हे.

कुरियरच्या खोक्याची परीक्षा स्वतः घ्या. कागदी लगद्याच्या साच्यात सहा भरलेल्या बाटल्या घाला (सुमारे साडेआठ किलो होतात) आणि पाऊण मीटरवरून दहा वेळा टाका: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. एकही बाटली फुटली तर खोका बदला. माल ज्या नालीदार खोक्यांतून समुद्र ओलांडून आला ती खोकी पॅलेटवर रचण्यासाठी असतात, त्यातूनच घरपोच पाठवू नका.

वयाची खात्री दोनदा लागते, मागणी घेताना आणि दारात. मर्यादा देशागणिक निराळी: अमेरिकेत २१, जपानमध्ये २०, ब्रिटनमध्ये १८, जर्मनीत वाइनसाठी १६. ‘मी सज्ञान आहे’ या खुणेच्या चौकटीवर विसंबू नका. कुरियरची वय तपासून सही घेणारी सेवा लावा आणि तिचा दर हिशेबात धरा. घरी कोणी नसल्याने परतलेली पेटी ही या सेवेची दुसरी बाजू आहे. तिचा भार कोणावर, हे विक्रीच्या अटींत आधीच लिहा, आणि कार्यालयाच्या पत्त्यावर मागवण्याची सोय ठेवा.

कार्ड स्वीकारणाऱ्या कंपनीला मद्यविक्री असल्याचं खातं उघडतानाच सांगा. लपवलं आणि नंतर कळलं तर खातं गोठतं, तेही नेमकं सणासुदीच्या विक्रीत.

१०. पहिली खेप आणि तिच्यानंतर

लेबल मंजुरी, नोंदण्या, करार आणि प्रवास धरून सहा ते नऊ महिने लागतात असं समजून चाला. दोन किंवा तीनच वाइन पाठवा. सहा प्रकार शंभर-शंभर पाठवले तर जी वाइन चालते ती दुसऱ्या महिन्यात संपते आणि उरलेल्यांचं भाडं चालू राहतं. प्रत्येक लॉटच्या बारा बाटल्या घरी राखून ठेवा. तक्रार आली की लॉट क्रमांक मागा, तीच बाटली उघडा, मग उत्तर द्या.

बुचाचा वास, गळती, फूट अशा तक्रारींना छायाचित्र घेऊन लगेच दुसरी बाटली पुढच्या पेटीत घाला. परदेशातून बाटली परत मागवणं बहुधा तिच्या किमतीपेक्षा महाग पडतं. एकाच लॉटच्या तीन तक्रारी सारख्याच असतील तर मात्र विक्री थांबवा आणि गोदामाकडून त्या लॉटच्या सहा बाटल्या तिथल्याच प्रयोगशाळेत पाठवा: मुक्त सल्फर डायऑक्साइड, बाष्पशील आम्ल (मुख्यतः व्हिनेगरचं) आणि गढूळपणा. निघतानाच्या अहवालाशी आकडे ताडून पाहिले की दोष बाटली भरताना राहिला की वाटेतल्या उष्णतेने झाला, हे ठरतं. दावा विम्याकडे करायचा की पुढची भरती सुधारायची, हेही त्यावरच.

दुसरं पॅलेट गोदामात तीन महिन्यांचा माल शिल्लक असतानाच मागवा. त्याच वेळी शुल्काचा चालू दर, आयातदाराचा पत्ता आणि लेबलचे नियम पुन्हा एकदा तपासा, आणि मगच मागची लेबलं छापायला द्या.